क्रमांकामागची माणसे

गुलामांच्या व्यापाराचा हिशेब गुलामांनी ठेवला नाही; तो व्यापाऱ्यांनी ठेवला. जहाज कोणत्या बंदरातून निघाले, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किती माणसे तळघरात भरली, पैलतीरी त्यांपैकी किती जिवंत उतरली, विम्याची रक्कम किती होती आणि कप्तानाच्या वाट्याला काय आले, या साऱ्याच्या नोंदी काटेकोरपणे झाल्या. कारण धंदा काटेकोर होता. नफातोटा पाहण्यासाठी लिहिलेल्या याच वह्या आज त्या धंद्याविरुद्धच्या सर्वांत भक्कम साक्षीदार ठरल्या आहेत. आरोपीनेच स्वहस्ते लिहून ठेवलेला असा पुरावा इतिहासात क्वचितच सापडतो.

हा पुरावा फार काळ उपयोगात आणता आला नाही, याचे कारण तो विखुरलेला होता. लिस्बन, लंडन, लिव्हरपूल, नांत, हवाना, रिओ दि जानेरो अशा अनेक गावांच्या दप्तरखान्यांत एकाच सफरीचे तुकडे पडलेले असत. निघाल्याची नोंद एका देशात, पोहोचल्याची दुसऱ्या देशात, विम्याची तिसऱ्या ठिकाणी. त्यामुळे एकूण किती माणसे नेली गेली या साध्या प्रश्नालाही पिढ्यान् पिढ्या अंदाजाचीच उत्तरे मिळत राहिली. फिलिप कर्टिन या अमेरिकन इतिहासकाराने १९६९ मध्ये छापील साधने चाळून, अमेरिकेच्या भूमीवर उतरवलेल्या आफ्रिकनांची संख्या सुमारे पंचाण्णव लाख असावी असे मांडले, तेव्हा त्यावर मोठा वाद माजला. त्या वादातूनच मूळ कागदांकडे जाण्याची आणि प्रत्येक सफर स्वतंत्रपणे नोंदवून ती संगणकावर चढवण्याची चळवळ उभी राहिली. डेव्हिड एल्टिस, डेव्हिड रिचर्डसन प्रभृती अभ्यासकांनी १९९९ मध्ये सत्तावीस हजारांवर सफरींचा संग्रह तबकडीवर प्रसिद्ध केला. २००८ मध्ये तो संगणकाच्या जाळ्यावर कोणालाही विनामूल्य खुला झाला. आज त्यात छत्तीस हजारांच्या आसपास सफरी आहेत. या संग्रहाच्या आधारे आता असे मानले जाते की, सुमारे एक कोटी पंचवीस लाख माणसे जहाजांवर चढवली गेली आणि सुमारे एक कोटी सात लाख उतरली. या दोन आकड्यांतील अठरा लाखांचा फरक समुद्राच्या तळाशी आहे.

सव्वा कोटी हा आकडा मनाला हादरवतो, परंतु त्यात एकही माणूस दिसत नाही. म्हणून या अभ्यासकांनी दुसरी पायरी चढली. व्यापारावर बंदी आल्यानंतर ब्रिटिश आरमाराने जी गुलामवाहू जहाजे पकडली, त्यांवरून सोडवलेल्या आफ्रिकनांची नावे, वये आणि शरीरावरील खुणा न्यायमंडळांच्या वह्यांत लिहिलेल्या होत्या. अशी नव्वद हजारांहून अधिक नावे आता शोधता येतात. ज्यांच्या पूर्वजांची नावेच पुसली गेली, त्यांच्या वंशजांच्या दृष्टीने हे नुसते संशोधन राहत नाही. ती एक प्रकारची परतफेड असते.

महासागर वेगळा, साखर तीच

रत्नागिरीच्या वाचकाला हे सारे दूरचे वाटणे साहजिक आहे. वस्तुतः ते तितके दूर नाही. अटलांटिकच्या व्यापारात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात जो माल दिला जाई, त्यात हिंदुस्थानातील सुती कापडाला मोठी मागणी होती. मालदीव बेटांतल्या कवड्या हिंदी महासागरातून युरोपात आणि तेथून पश्चिम आफ्रिकेत चलन म्हणून जात. आपल्या किनाऱ्यालाही गुलामगिरी अपरिचित नव्हती. हबशी गुलाम अरबी समुद्र ओलांडून दख्खनेत येत होते आणि त्यांच्यातूनच मलिक अंबरसारखा मुत्सद्दी पुढे आला. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीचे उल्लेख आढळतात. तेव्हा या विषयाकडे केवळ परक्यांचे पाप म्हणून पाहण्याची सोय आपल्याला नाही.

तथापि कोकणाचा या इतिहासाशी सर्वांत निकटचा संबंध येतो तो मॉरिशसच्या वाटेने. मादागास्करच्या पूर्वेस असलेले हे बेट क्षेत्रफळाने रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव भागाहूनही थोडे लहान आहे. अठराव्या शतकात फ्रेंचांनी तेथे वसाहत केली आणि मोझांबिक, मादागास्कर, काही प्रमाणात हिंदुस्थानातूनही गुलाम आणून ती चालवली. १८१० मध्ये बेट ब्रिटिशांच्या ताब्यात गेले. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील आयातकर वेस्ट इंडीजच्या साखरेइतका कमी करण्यात आला आणि सारे बेट उसाखाली जाऊ लागले. याच सुमारास ब्रिटनमध्ये गुलामगिरीविरोधी चळवळ यशस्वी होत होती. १८३३ मध्ये कायदा झाला आणि १ फेब्रुवारी १८३५ रोजी तो मॉरिशसमध्ये अमलात आला.

या मुक्तीचे अर्थशास्त्र लक्षात घेण्याजोगे आहे. ब्रिटिश संसदेने भरपाईसाठी दोन कोटी पौंड मंजूर केले. ही भरपाई गुलामांना मिळाली नाही. ती गुलामांच्या मालकांना मिळाली. मॉरिशसच्या मालकांच्या वाट्याला त्यातले वीस लाख पौंडांहून अधिक आले. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश ब्रिटनच्या करदात्यांनी २०१५ मध्ये फेडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने या भरपाईच्या हजारो दाव्यांची सूची संगणकावर खुली केली आहे. कोणत्या घराण्याने किती माणसांच्या मोबदल्यात किती पौंड घेतले, हे आता शाळकरी मुलालाही पाहता येते. ज्यांची सुटका झाली त्यांच्या हाती मात्र काही वर्षांची सक्तीची उमेदवारी आणि त्यानंतर उघडे आकाश एवढेच आले.

थोडक्यात, मळेवाल्यांपाशी आता जमीन होती, बाजारपेठ होती, हातात रोख भांडवलही आले होते. उणीव होती ती त्यांना परवडेल अशा मजुरीवर राबणाऱ्या माणसांची. मुक्त झालेले आफ्रिकन त्या मळ्यांवर पुन्हा पाऊल ठेवण्यास नाखूश होते. अशा वेळी नजर हिंदुस्थानकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ हे जहाज कलकत्त्याहून छत्तीस करारबद्ध मजूर घेऊन पोर्ट लुईस बंदरात लागले. तेथून १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे त्या बेटावर उतरली. त्यांतील सुमारे एक तृतीयांश परतली, बाकीची तिथलीच झाली.

कोकणातून कोण गेले आणि का गेले

या साडेचार लाखांतील बहुसंख्य माणसे भोजपुरी प्रदेशातून कलकत्तामार्गे आणि तमिळ-तेलुगू प्रदेशांतून मद्रासमार्गे गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांची संख्या त्या मानाने पुष्कळ कमी होती. परंतु आज मॉरिशसमध्ये जो मराठी समाज आहे, त्याचे मूळ प्रामुख्याने याच मुंबईमार्गे गेलेल्या माणसांत आहे, आणि त्यांच्यात रत्नागिरी, सावंतवाडी व लगतच्या घाटमाथ्यावरील लोकांचा भरणा होता. त्या काळचा रत्नागिरी जिल्हा आजच्या सिंधुदुर्गातील मालवण, देवगडपर्यंत पसरलेला होता, हेही येथे ध्यानात ठेवावयास हवे.

माणसे का गेली याचे उत्तर जमिनीत आहे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील ही चिंचोळी पट्टी पावसाला श्रीमंत आणि पिकाला गरीब. कातळावर नाचणी-वरीचे पीक कसेबसे यायचे, भाताची खाचरे थोडी, आणि जे पिके त्यावर खोताचा हक्क आधी. खोती पद्धतीत कुळाला धाऱ्याबरोबर वेठही द्यावी लागे आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या कोठारात जाई. याच जिल्ह्याशी मुळांनी बांधलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले आणि पुढे १९४९ मध्ये तसा कायदा झाला. तत्पूर्वी शंभर वर्षे कोकणातील कष्टकऱ्यापुढे मोजके मार्ग होते. पलटणीत जाणे हा एक, मुंबईला जाणे हा दुसरा आणि जहाजावर चढणे हा तिसरा.

तिसरा मार्ग पुढे आपोआप अरुंद होत गेला, यातही अर्थशास्त्राचाच एक धडा आहे. १८५३ मध्ये मुंबईहून आगगाडी सुरू झाली, १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली, गोद्या आणि रस्ते यांची कामे निघाली. १८८१ च्या खानेसुमारीच्या वेळी मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली सव्वा लाखाच्या घरात माणसे होती. घरी पैसे धाडता येतील आणि शिमग्या-गणपतीला परतता येईल अशा अंतरावर काम मिळू लागल्यावर समुद्रापलीकडचा करार कोण पत्करणार? मुंबईतून मॉरिशसला जाणारा ओघ आटला. म्हणजे जे आधी गेले ते विशेष धाडसी होते असे नव्हे. त्यांच्या वेळी गिरणगाव अजून उभा राहिला नव्हता, एवढेच.

करार की गुलामगिरी?

या मजुरांना गुलाम म्हणावे काय, हा वाद जुना आहे. १८४० मध्येच ब्रिटनचे वसाहतमंत्री लॉर्ड जॉन रसेल यांनी ही पद्धत म्हणजे गुलामगिरीचेच नवे रूप ठरेल अशी भीती व्यक्त केली होती. तिच्या आधी, १८३८ मध्ये, गैरप्रकारांच्या तक्रारींमुळे हिंदुस्थान सरकारने मजूर पाठवणे थांबवले होते. १८४२ मध्ये कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून ते देखरेखीखाली पुन्हा सुरू झाले. ह्यू टिंकर या इतिहासकाराने १९७४ मध्ये रसेल यांचेच शब्द आपल्या ग्रंथाचे शीर्षक म्हणून वापरले. त्याउलट पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले की, या माणसांनी मुकादमी मिळवली, बचत केली, नातलगांना बोलावून घेतले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मळ्यांच्या जमिनींचे तुकडे विकले जाऊ लागले तेव्हा ते विकत घेऊन शेतकरी झाले.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र त्यांची सरमिसळ करणे योग्य नाही. गुलाम ही मालमत्ता होती, तिची मुले मालकाची होती आणि त्या बंधनाला मुदत नव्हती. करारबद्ध मजुराला महिन्याला पाच रुपयांच्या आसपास वेतन, शिधा, कपडे आणि ठरावीक मुदतीनंतर सुटका यांचे कागदोपत्री आश्वासन होते. न्यायाधीशापुढे तक्रार करण्याचा हक्कही होता. अटलांटिकचा सव्वा कोटींचा संहार आणि हा प्रवास एकाच तागडीत तोलणे म्हणजे त्या सव्वा कोटींवर अन्याय करणे होय. परंतु करारावरचा अंगठा हा समजून-उमजून दिलेला होकार असतो असे मानणे हाही भाबडेपणाच. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. मळा सोडून जाणे हा दिवाणी व्यवहारातील करारभंग न मानता फौजदारी गुन्हा मानला जाई आणि त्यासाठी तुरुंग होता. १८५० नंतर लवकरच फुकट परतीच्या प्रवासाची तरतूदही काढून टाकण्यात आली. १८६७ च्या कायद्याने मुदत संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगणे भाग पडले. आडॉल्फ द प्लेव्हिट्झ या मळेवाल्याने १८७१ मध्ये हजारो मजुरांच्या सह्यांचा अर्ज पुढे आणला, त्यावरून शाही आयोग नेमला गेला आणि त्या आयोगाने या जाचाची सविस्तर नोंद केली. कायद्याने मुक्त आणि व्यवहारात जखडलेला, अशी ही मधली अवस्था होती.

मोका येथील दप्तर

जाचाचीच ही यंत्रणा आज स्मृतीचे साधन बनली आहे. मजूर बेटावर उतरला की त्याला क्रमांक दिला जाई. त्या क्रमांकापुढे त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खुणा, जिल्हा आणि गाव, जहाज आणि मळा यांची नोंद होई. पुढे छायाचित्रेही घेतली जाऊ लागली. पळून गेलेला मजूर ओळखता यावा हा त्यामागील उद्देश होता. कागदावर माणसाचा क्रमांक झाला तो असा. परंतु ज्या समाजातील गरिबाची जन्माची वा मृत्यूची नोंद कोणी ठेवत नव्हते, त्या समाजातील एका शेतमजुराचा चेहरा आणि त्याच्या भुवईवरील व्रणाची खूण आज पाहावयास मिळते ती केवळ या पोलिसी वहीमुळे. त्याच काळात कोकणातच राहिलेल्या त्याच्या भावाबद्दल आपल्याला यांपैकी काहीही ठाऊक नाही.

हे दप्तर मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेले आहे. युनेस्कोने त्याला जागतिक स्मृतींच्या सूचीत स्थान दिले आहे. ज्या धक्क्यावर ही माणसे उतरली तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसास्थळ झाला, आणि पळालेल्या गुलामांनी जेथे आसरा घेतला तो ल मोर्न डोंगर २००८ मध्ये. एकाच लहान बेटावर गुलामगिरी आणि करारबद्ध मजुरी या दोन्हींची स्मारके उभी असावीत, यातच त्या बेटाच्या इतिहासाचे सार आहे. वहीतील नोंदी संगणकावर घेतल्या गेल्यामुळे, आजोबांच्या परवान्यावरील क्रमांक ठाऊक असलेल्या नातवाला पूर्वी दिवसचे दिवस लागत ते काम आता फार थोड्या वेळात होऊ शकते.

या शोधाला केवळ भावनेचे मोल आहे असेही नाही. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनास उपस्थित असताना, तेथील हिंदी वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना भारताचे परदेशस्थ नागरिकत्वाचे ओळखपत्र मिळण्याची विशेष तरतूद जाहीर झाली. सात पिढ्या मागे जावयाचे तर पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे पर्यायाने हीच वही. ज्याचा पूर्वज नोंदीत सापडला त्याचा धागा जुळतो. ज्याच्या पूर्वजाचे नाव लिहिणाऱ्याने चुकीचे लिहिले त्याचा धागा हवेत लोंबकळत राहतो.

अर्धा राहिलेला धागा

आणि नेमकी येथेच रत्नागिरीची गरज भासते. नाव लिहून घेणारा कारकून इंग्रज किंवा फ्रेंच भाषिक. सांगणारा निरक्षर कोकणी माणूस. कारकुनाच्या लिपीत ‘ळ’ नाही, ‘त’ आणि ‘ट’ यांत भेद नाही, ‘द’ आणि ‘ड’ एकच. खुद्द रत्नागिरीचे नाव त्या काळच्या इंग्रजी कागदांत ‘रुटनघेरी’ असे वाचावे लागेल अशा वर्णांत लिहिलेले आढळते. जिल्ह्याच्या नावाची ही गत, तर वाडीच्या नावाचे काय झाले असेल याची कल्पना करावी. त्यात एकाच नावाची गावे दोन-तीन तालुक्यांत सापडतात, आणि माणूस गाव सांगताना कधी महसुली गावाचे नाव सांगे, कधी वाडीचे, कधी ज्या पेठेवरून निघाला त्या पेठेचे.

आडनावाचा प्रश्न याहून अवघड आहे. मजुराच्या नोंदीत स्वतःचे आणि बापाचे नाव आले. कुळाचे नाव बहुधा आलेच नाही. पुढे बापाचे वा आजाचेच नाव मॉरिशसमध्ये आडनाव होऊन बसले. रामजी, बाबाजी, सखाराम अशी नावे तेथे आज घराण्यांना लागलेली आहेत. येथे कोकणात मात्र माणूस ओळखला जातो तो गावावरून पडलेल्या आडनावाने आणि गावऱ्हाटीतील मानपानाने. एका टोकाला बापाचे नाव आहे आणि दुसऱ्या टोकाला गावाचे. मधला दुवा निखळलेला आहे.

हा दुवा मॉरिशसमध्ये बसून जुळणार नाही, लंडनमध्येही नाही. तो जुळू शकतो तर दापोली, गुहागर, संगमेश्वर, राजापूर येथील गावठाणांत. नोंदीत उमटलेले विद्रूप गावनाव उच्चारून पाहताच हे आपल्या पलीकडच्या खाडीकाठचे गाव, असे ओळखणारा कान येथील शिक्षकाला, तलाठी कचेरीतील कारकुनाला आणि कोकणात वाढलेल्या विद्यार्थ्यालाच असतो. जुनी खोती दप्तरे, देवस्थानांचे कागद, मानपानाच्या याद्या यांतील पुष्कळ मजकूर मोडी लिपीत आहे आणि मोडी वाचणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. जुन्या महसुली भाषेत जमीन सोडून निघून गेलेल्या कुळाला ‘परागंदा’ म्हणत. अशा प्रत्येक परागंदा कुळामागे एक जहाज असेलच असे नाही. परंतु काहींच्या मागे नक्कीच असले पाहिजे. सावंतवाडीच्या किंवा राजापूरच्या एखाद्या कागदातील परागंदा आणि मोका येथील वहीतील क्रमांक ही एकाच माणसाची दोन रूपे आहेत, हे सिद्ध होणे म्हणजे त्या घराण्याच्या इतिहासाचे दोन तुटलेले भाग दीडशे वर्षांनी जोडले जाणे.

मॉरिशसच्या मराठी समाजाने आपला भाग निष्ठेने सांभाळला आहे. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकवली जाते, आणि कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने अजून नाचली जाते. शब्दाचा उच्चार किंचित बदलला, ठेका टिकला. समुद्रापलीकडच्यांनी इतके जपले असताना, समुद्राच्या अलीकडच्यांनी आपल्या घरातून कोण गेले हे विचारूही नये, ही उदासीनता शोभणारी नाही.

नोंदींच्या मर्यादा

संगणकावरील नोंदींचा गौरव करताना त्यांच्या मर्यादाही सांगावयास हव्यात. ही सत्ताधाऱ्यांची दृष्टी आहे. सत्तेला जे उपयोगी तेवढेच तीत आले. उंची आली, वेदना आली नाही. मळ्यातील गैरहजेरी आली, गैरहजेरीचे कारण आले नाही. स्त्रियांच्या नोंदी पुरुषांच्या आडोशाला राहिल्या. जी माणसे बंदरावर पोहोचण्यापूर्वीच दलालाच्या कोठडीत किंवा वाटेत मरण पावली, त्यांना क्रमांकच मिळाला नाही, आणि म्हणून ती कोणत्याही शोधात सापडणार नाहीत. अटलांटिकच्या संग्रहालाही हीच मर्यादा आहे. आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंतच्या पायपिटीत मेलेल्यांची मोजदाद त्यात नाही.

दुसरी गोष्ट, यंत्र चूक सुधारत नाही, ती पसरवते. वहीतील एक चुकीचे गाव संगणकावर चढले की ते हजार ठिकाणी तसेच उतरते आणि पुनरुक्तीमुळे त्याला सत्याचे वजन येते. म्हणून जाणत्या माणसाने केलेली दुरुस्ती मूळ नोंदीवर न पुसता, तिच्या शेजारी, दुरुस्ती करणाराच्या नावासह आणि कारणासह लिहिली जावी. तिसरी गोष्ट नाजूक आहे. या वह्यांत जात लिहिलेली आहे. सात पिढ्यांनंतर ज्या जातीची ओळख मागे पडली, ती अशा शोधातून पुन्हा उगाळली जाऊ नये, ही काळजी संशोधकांनी घ्यावयास हवी. इतिहास खुला असावा, पण त्याचा उपयोग माणसाला पुन्हा एका रकान्यात कोंबण्यासाठी होऊ नये.

गोखल्यांचा जिल्हा

आकड्यांचा उपयोग माणसाच्या बाजूने कसा करावा, याचा वस्तुपाठ याच जिल्ह्यातील एका सुपुत्राने घालून दिला आहे. गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे १८६६ मध्ये जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि सरकारी आकडेवारीचे निर्दय परीक्षक. त्यांनी १९१० मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात नाताळ वसाहतीसाठी होणारी मजूरभरती थांबवण्याचा ठराव मांडला आणि सरकारने तो स्वीकारला. ४ मार्च १९१२ रोजी ते त्याहून पुढे गेले. करारबद्ध मजुरीची पद्धतच मुळातून रद्द करावी असा ठराव त्यांनी आणला. बावीस मते बाजूने आणि तेहतीस विरुद्ध पडून तो फेटाळला गेला. परंतु मतदानात हरलेला हा ठराव लोकमतात जिंकला. गोखल्यांच्या निधनानंतर, १९१६ मध्ये, पंडित मदनमोहन मालवीयांनी मांडलेल्या ठरावाला व्हाइसरॉय हार्डिंज यांनी मान्यता दिली आणि १९१७ मध्ये भरती बंद झाली. ज्या प्रदेशातून पहिल्या पिढीचे मजूर मुंबईच्या धक्क्यावर गेले, त्याच प्रदेशातील माणसाने ती प्रथा मोडण्याचा पाया घातला, याची आठवण रत्नागिरीने अभिमानाने ठेवावयास हवी आणि त्या अभिमानाला साजेसे कामही करावयास हवे.

हे काम फार खर्चाचे नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी आणि अर्थशास्त्र विभागांनी मिळून एक गावनाव-कोश तयार करावा. त्यात प्रत्येक गावाचे व वाडीचे नाव, त्याची जुन्या इंग्रजी कागदांतील विविध रूपे आणि आजचा तालुका यांची नोंद असावी. १८२८ पासूनची परंपरा सांगणाऱ्या रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयासारख्या संस्थेने असे काम हाती घ्यावे, हे सर्वथा उचित ठरेल. मोडी शिकलेल्या विद्यार्थ्यांना खासगी घरांतील कागद वाचण्याचे आणि त्यांची छायाचित्रे घेण्याचे काम द्यावे; कागद मालकाकडेच राहावेत. मुंबईतील राज्य अभिलेखागारात मुंबई इलाख्याच्या कारभाराचे दप्तर आहे. तेथील स्थलांतरविषयक कागदांशी हे पडताळून पाहावेत. आणि मोका येथील संस्थेशी पत्रव्यवहार करून, रत्नागिरीचे म्हणून नोंदवलेल्या मजुरांची यादी मागवून घ्यावी. हल्ली प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात छायाचित्र घेणारे आणि जगाशी जोडणारे यंत्र आहे. त्याचा यापेक्षा चांगला उपयोग सुचणे कठीण.

अटलांटिकच्या अभ्यासकांनी दाखवून दिले की, विखुरलेल्या वह्या एकत्र आल्या म्हणजे मूक झालेली माणसे बोलू लागतात. त्यांना तीस-चाळीस वर्षे लागली आणि अनेक देशांची मदत लागली. रत्नागिरीपुढील काम त्याच्या शतांशानेही मोठे नाही. परंतु ते केवळ रत्नागिरीलाच करता येण्यासारखे आहे. आणि वाळवीला, दमट हवेला व विस्मृतीला त्याची वाट पाहण्याची सवय नाही.